यंत्र, कल्पित आणि कचेरी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी आम्हांला केली, आणि विषय मात्र आमच्याच पसंतीवर सोपविला. निवृत्त शिक्षकाच्या हाती विषय आणि वेळ ही दोन्ही देणे किती धोक्याचे असते, याची कल्पना त्यांना नसावी. तथापि भोजनाची वेळ ठरलेली आहे आणि ती आम्हांलाही ठाऊक आहे. तेव्हा श्रोत्यांनी निश्चिंत असावे.

आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेले, आणि ३८ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले गृहस्थ आहोत. संगणक या वस्तूशी आमचा संबंध इतकाच की, आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यावर फडके घालणे आणि शनिवारी ते झटकणे हे काम मुख्याध्यापकांनी आमच्याकडे दिले होते. असे असता आज आम्ही यंत्रांविषयी बोलावयास उभे राहिलो आहोत, याचे श्रेय आमच्या भाच्यास आहे. तो पुण्यास संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करतो. गेल्या शिमग्यास तो गावी आला असता दोन दिवस ओटीवर बसून त्याच्याशी ज्या गप्पा झाल्या, त्यांचेच सार आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. त्याची मते सहज बोलता बोलता दिलेली आहेत. त्यांत पांडित्याचा आव नाही. परंतु ती ऐकून आम्हांला आपल्याच संस्थेतील एक गोष्ट आठवली, आणि ती येथे बोलून दाखविल्यावाचून आम्हांस चैन पडणार नाही. ती शेवटी सांगू.

प्रथम गप्पांचे निमित्त सांगितले पाहिजे. आमची थोरली बहीण, म्हणजे या भाच्याची आई, हिला यजमानांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. असे वेतन घेणाऱ्याने दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. पूर्वी अधिकाऱ्यापुढे जाऊन सही केली की काम होई. २०१४ च्या नोव्हेंबरपासून केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय काढली; तीत यंत्रावर अंगठा ठेवला की आधार क्रमांकाशी ताळा होऊन दाखला आपोआप तयार होतो. सोय उत्तम आहे. हजारो वृद्धांचे हेलपाटे तिने वाचविले आहेत. परंतु अक्काचे वय आज ७६ आहे. शेणगोठा, भांडीकुंडी आणि शेतातील निंदणी यांत तिच्या बोटांवरील रेषा केव्हाच झिजून गेल्या. यंत्रावर तिने अंगठा सात वेळा ठेवला. सातही वेळा यंत्राने तिला ओळखण्याचे नाकारले. काउंटरवरील मुलगा सौजन्याने म्हणाला, “आजी, सिस्टीम घेत नाही.” जानेवारीपासून अक्काचे वेतन बंद झाले. सरकारदप्तरी ती हयात असल्याचा पुरावा उरला नाही, आणि घरी मात्र ती आम्हांला चहा करून देत होती!

भाचा आला तेव्हा आम्ही रागाच्या भरात त्याला म्हणालो, “तुमच्या यंत्रांनी माझ्या बहिणीला जिवंतपणी मारलं.”

तो शांतपणे म्हणाला, “मामा, यंत्रानं काहीच केलं नाही. यंत्राला आई दिसलीच नाही. माझ्यासारख्या कुणीतरी एका खोलीत बसून लिहिलं की अंगठा जुळला तर ‘हो’, नाही जुळला तर ‘नाही’. तिसरं उत्तर लिहायचं राहून गेलं.”

बंधुभगिनींनो, प्रोग्रॅम म्हणजे काय, हे आम्हांला त्या एका वाक्यात समजले. आम्ही वर्गात मुलांना सूचना देत असू, ‘पान उलटा आणि वाचा’. एखादा मुलगा शेवटच्या पानावर असला, तर तो आमच्या तोंडाकडे पाही आणि आम्ही हसून त्याला वही बदलावयास सांगू. यंत्र तोंडाकडे पाहत नाही. त्याला जे सांगितले तेच ते करते. आपल्या मनात काय होते, ते त्याला कळत नाही. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने संभवनीय अशा सर्व प्रसंगांची कल्पना आधीच करून ठेवावी लागते. आणि माणसाची कल्पना तर त्याने पाहिलेल्या जगापुरतीच धावते. ज्याने झिजलेली बोटे पाहिली नाहीत, त्याच्या प्रोग्रॅममध्ये झिजलेल्या बोटांना जागा कोठून असणार?

आपल्या धंद्याची दुसरीही एक गोष्ट त्याने सांगितली. संगणकाच्या बाल्यावस्थेत त्याच्या स्मरणशक्तीतील एकेक जागा फार महाग होती. म्हणून काटकसर करावी या हेतूने सालाचे चार आकडे न लिहिता शेवटचे दोनच लिहीत. १९६५ च्या ऐवजी नुसते ६५. पुढे २००० साल जवळ आले तेव्हा ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्रांस कळणार कसे, अशी चिंता साऱ्या जगास पडली. ती दुरुस्ती करण्यास लक्षावधी तास खर्ची पडले, आणि त्या कामावर आपल्या देशातील असंख्य तरुणांनी आपला पहिला पगार मिळविला. भाचा म्हणाला की असाच दुसरा दिवस पुढे वाढून ठेवलेला आहे. कित्येक यंत्रे १ जानेवारी १९७० पासून एकेक सेकंद मोजीत आली आहेत, आणि मोजणीसाठी त्यांना दिलेली जागा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. वेळीच दुरुस्ती न झालेल्या यंत्रास त्या क्षणी डिसेंबर १९०१ उजाडल्याचा भास होईल. आम्ही म्हणालो, “मग तेव्हा आमचा जन्मच झालेला नसेल, निवृत्तिवेतन कसले!” त्यावर अक्कासुद्धा हसली.

आता कल्पिताकडे वळू. भाच्यास विज्ञानकथा वाचण्याचा नाद आहे, आणि त्याला तो आम्हीच लावला, हे कबूल केले पाहिजे. लहानपणी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या आणि समुद्रतळाच्या कथा भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या आम्ही वाचनालयातून आणून वाचीत असू. पुढे त्याच त्याच्या हाती दिल्या. त्याचे मत असे की, विज्ञानकथाकारांनी अग्निबाण आणि पाणबुड्या यांविषयी जे लिहिले त्याचा गवगवा फार झाला. परंतु त्यांचे सर्वांत अचूक भाकीत कचेरीविषयीचे आहे, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

त्याने उदाहरणे दिली, ती आम्ही टिपून घेतली आहेत. ‘रोबो’ हा शब्द १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून जगाला मिळाला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची चाकरी. आपल्याकडील वेठबिगार म्हणा ना. त्या नाटकातील कृत्रिम चाकर अखेर मालकांविरुद्ध बंड करून उठतात. तेव्हापासून लोकांच्या मनात भीती बसली ती यंत्ररूपी राक्षसाची. परंतु त्याच्याही आधी, १९०९ साली, ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने एक कथा लिहिली. तीत माणसे भूमीच्या पोटात एकेकट्या कोठडीत राहतात आणि अन्न, हवा, संगीत, संभाषण हे सारे एका महायंत्राकडून मिळते. पुढे यंत्र बिघडू लागते. तक्रार केली तर ती दुरुस्ती समितीकडे पाठवावी लागते. समिती तक्रार नोंदवून घेते. आणि अखेर यंत्र थांबते ते समितीसकट. कथा एकशे पंधरा वर्षांहून जुनी आहे, हे ध्यानी असू द्यावे.

१९७८ साली बी.बी.सी.वरून डग्लस ॲडम्स यांची एक विनोदी नभोनाट्यमाला प्रसृत झाली. तीत आकाशातून रस्ता काढावयाचा म्हणून आपली पृथ्वीच पाडून टाकण्यात येते. पृथ्वीवरील लोक आक्रोश करू लागतात तेव्हा त्यांना उत्तर मिळते की, नकाशे दुसऱ्या एका ताऱ्यावरील कचेरीत पन्नास वर्षे पाहावयास ठेवले होते. आपण मुदतीत हरकत का घेतली नाही? ज्यांनी तालुक्याच्या गावी सूचनाफलकावरील पिवळा पडलेला कागद वाचण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना हा विनोद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आणि १९८५ साली ‘ब्राझील’ नावाचा एक इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात छापयंत्रात एक माशी पडते, एका नावातील पहिले अक्षर बदलते, आणि भलत्याच गृहस्थास शिपाई घरातून उचलून नेतात. त्याच्या पत्नीकडून मात्र पावतीवर रीतसर सही घेतली जाते.

भाचा म्हणाला, “मामा, आम्ही भीत होतो की यंत्र राक्षस होईल. ते राक्षस झालंच नाही. ते कारकून झालं.”

हे वाक्य ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. परंतु शिक्षकास दुसरी बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. आम्ही त्याला म्हणालो की कचेरीला आणि कारकुनाला सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे. कागदपत्रांचे महत्त्व आपल्या मुलखाला कोणी शिकवावयास नको. पुण्याचे पेशवे दप्तर आजही मोडी लिपीतील अगणित कागद उराशी धरून बसले आहे. गरिबाची जमीन, वारसाचा हक्क, विद्यार्थ्याचे गुण हे सारे कागदावर टिकते. कागद नसता तर जो बलवान त्याचीच साक्ष खरी ठरती. सातबाऱ्याचा उतारा घ्या. तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला तो उतारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून अंकीय स्वाक्षरीसह घरबसल्या मिळू लागला. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचे त्यामुळे किती हेलपाटे वाचले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि चेहरा न पाहता निर्णय करण्यात न्यायही असतो. याचे एक सुंदर उदाहरण विज्ञानकथेच्याच क्षेत्रात आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तिला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिने पहिला क्रमांक मिळविला. मागाहून कळले की ती कथा डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची! आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. एवढा जगन्मान्य शास्त्रज्ञ; परंतु आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, अशी दक्षता त्यांनी घेतली. २०२५ च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले. त्यांची ही आठवण प्रत्येक विद्यार्थ्याने जपावी.

तेव्हा चेहरा न पाहणे हा कचेरीचा गुण आहे आणि दोषही तोच आहे. नारळीकरांच्या कथेस त्याने न्याय दिला, आणि अक्काच्या अंगठ्यावर अन्याय केला. गुण कोठे संपतो आणि दोष कोठे सुरू होतो, हे ओळखणे एवढेच काय ते आपल्या हाती असते.

कोणी म्हणेल, हा सारा संगणकाचा दोष. तसेही नाही. उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्यात लाल बिहारी नावाचे एक गृहस्थ आहेत. जमिनीच्या लोभाने नातेवाइकांनी महसूल दप्तरी त्यांना मृत दाखविले. १९७५ पासून १९९४ पर्यंत ते कागदावर मृत होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध व्हावे म्हणून ते निवडणुकीस उभे राहिले, नावापुढे ‘मृतक’ अशी पदवी लावू लागले, आणि आपल्यासारख्या इतर ‘मृतां’ची संघटनाही त्यांनी काढली. हे सर्व दौत आणि लेखणी यांनी घडविले. संगणकाचा त्यात संबंध नव्हता.

मग संगणकाने नवे काय केले? भाच्याचे उत्तर असे की, चूक पूर्वीचीच आहे. यंत्राने तिला वेग दिला आणि वर प्रतिष्ठाही दिली. कारकुनाच्या चुकीवर लोक शंका घेत. यंत्राच्या चुकीवर घेत नाहीत. याचे दारुण उदाहरण इंग्लंडात घडले. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकव्यवस्था बसविली. खेड्यापाड्यांतील टपाल कचेऱ्या चालविणाऱ्या लोकांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. ते सांगत होते की आम्ही पैसा घेतलेला नाही. परंतु यंत्र खोटे बोलत नाही, अशी समजूत! नऊशेंहून अधिक माणसांवर चोरीचे आणि अफरातफरीचे गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली, काहींनी जीव दिला. त्या व्यवस्थेतच दोष होते, असा निर्णय २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने दिला, आणि २०२४ साली ब्रिटिश पार्लमेंटला त्या शिक्षा रद्द करण्यासाठी खास कायदा करावा लागला. अब्रू गेल्यावर आलेला कायदा काय उपयोगाचा, हे मेलेल्यांस कोण विचारणार?

आम्ही भाच्यास विचारले, “मग यावर उपाय काय?”

तो म्हणाला, “प्रत्येक फॉर्मच्या शेवटी ‘इतर’ असा एक रकाना हवा, आणि त्या रकान्यामागे एक माणूस हवा.” जरा थांबून खालच्या आवाजात त्याने सांगितले, “मामा, दोन वर्षांपूर्वी एका कामात असा रकाना मीच काढून टाकला. तो ठेवला तर आलेले अर्ज वाचायला माणसं नेमावी लागतात, म्हणून वरून सांगणं आलं. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता आईचं हे पाहिल्यावर वाटतं, त्या रकान्यात कितीजण आले असते कोण जाणे.”

अक्का आतून ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, तू मुद्दाम थोडंच केलंस? पण पुन्हा करू नकोस.” तिच्या दृष्टीने प्रकरण तेथेच मिटले.

निवृत्तिवेतनाचे प्रकरण मात्र एप्रिलात मिटले. कागदी दाखला आजही ग्राह्य आहे, ही माहिती काउंटरवरील मुलास नव्हती. ती एका वयस्क अधिकाऱ्यास होती. तो खुर्चीवरून उठून बाहेर आला, अक्काला त्याने पाहिले, दाखल्यावर तिची सही घेतली आणि स्वतःची केली. मागील बाकीसह वेतन सुरू झाले. यंत्र तेच होते. एक माणूस उठला, इतकेच.

आता प्रारंभी ज्याचा उल्लेख केला, ती गोष्ट सांगतो. ती आम्हांला सुखाची नाही.

आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ति-समितीवर आम्ही सहा वर्षे आहोत. दोन वर्षांपूर्वी अर्ज कागदावर न घेता संगणकावरून घ्यावेत, अशी सूचना आम्हीच मांडली आणि ती टाळ्यांच्या गजरात संमत झाली. काम सोपे झाले. पूर्वी जे अर्ज तपासावयास चार रविवार लागत, ते एका सायंकाळी आटोपले. आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली. शिमग्याहून परतल्यावर, भाच्याचे शब्द कानांत असल्यामुळे, ‘नाकारलेले अर्ज’ या नावाची जी यादी यंत्राने ठेवली होती ती आम्ही प्रथमच उघडून पाहिली. तीत अकरा नावे होती. पैकी एका मुलीस बारावीस ८८ टक्के गुण होते. नाकारण्याचे कारण, ‘नाव जुळत नाही’. समजा तिचे नाव पूजा. गुणपत्रिकेवर रोमन लिपीत ते ‘यू’ अक्षराने लिहिले होते आणि आधारपत्रावर दोन ‘ओ’ घालून. मुलगी एकच, आईबापांनी ठेवलेले नावही एकच, आपल्या देवनागरीत तर त्यात कान्यामात्रेचाही फरक नाही.

आम्ही तिच्या गावी गेलो. वडील बांधकामावर मजुरी करतात. त्यांनी खाजगी कर्ज काढून मुलीचे पहिल्या वर्षाचे शुल्क भरले होते आणि व्याजापायी घरातील म्हैस विकली होती. आम्ही विचारले, “संस्थेकडे चौकशी का केली नाहीत?” ते हात जोडून म्हणाले, “गुरुजी, कंप्युटरनं नाही म्हटलं. मग कुणाला विचारायचं?”

सभाजनहो, ज्या कचेरीला आम्ही ओटीवर बसून नावे ठेवीत होतो, ती कचेरी आम्हीच झालो होतो. ही संस्था आपल्या पूर्वजांनी काढली ती, ज्याला कोणी विचारीत नाही त्याला विचारणारे एक घर असावे म्हणून. त्या घराच्या दारावर आम्ही एक यंत्र बसविले आणि स्वतः आत जाऊन निजलो. या चुकीचा वाटा आमचा आहे, आणि तो आम्ही आज आपणा सर्वांसमक्ष पदरात घेतो. त्या मुलीची शिष्यवृत्ति समितीने मागील वर्षासह मंजूर केली आहे. उरलेल्या दहा घरी आम्ही स्वतः जाऊन येत आहोत. म्हैस मात्र परत येत नाही.

यावरून आम्ही तीन विनंत्या करीत आहोत. पहिली, शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर आणि कागदावर असा दोन्ही प्रकारे घ्यावा, आणि त्यात ‘इतर अडचण’ असा रकाना असावा. दुसरी, यंत्राने नाकारलेला प्रत्येक अर्ज समितीच्या एका सभासदाने वाचून, त्या घरी दूरध्वनी केल्यावाचून निकालात काढू नये. तिसरी, दर रविवारी सकाळी १० ते १२ या वेळात संस्थेच्या सभागृहात दोन जाणत्या तरुणांनी बसावे आणि वडीलधाऱ्यांचे अर्ज, दाखले, उतारे यांस हातभार लावावा. भाच्याने महिन्यातील एक रविवार स्वतः येऊन बसण्याचे वचन दिले आहे. आपल्या घरोघरी असे भाचे आणि पुतणे आहेत, भाच्या आणि पुतण्याही आहेत; त्यांना हाक मारणारे कोणी असले म्हणजे झाले.

कुटुंबप्रमुखांसही दोन शब्द. मुलांची नावे सर्व कागदपत्रांवर रोमन अक्षरांतही एकसारखी आहेत की नाहीत, हे दिवाळीच्या सुटीत एकदा ताडून पाहावे. अर्ज केल्यावर तारखेची पोच घेतल्यावाचून जागचे हलू नये. २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आणि महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा हे दोन्ही आपल्यासारख्यांसाठीच आहेत; अधिसूचित सेवेस ठराविक मुदत असते, आणि ती टळल्यास अपील करता येते. कागदाला कागदानेच उत्तर द्यावे, पण सौजन्याने. कारण काउंटरवरचा मुलगाही कोणाचा तरी भाचाच असतो.

विज्ञानकथेतील महायंत्र थांबले, कारण ते बिघडले आहे हे स्वतः पाहावयास कोणी उरलेच नव्हते. आपल्या संस्थेत ते पाहणारे आहेत, हे पुढील वर्षीच्या अहवालात दिसावे. नाकारलेल्या अर्जांची यादी त्या अहवालात छापली जावी, आणि प्रत्येक नावापुढे ‘भेटून आलो’ असा शेरा असावा, एवढी इच्छा व्यक्त करून, आणि भोजनाची वेळ पाच मिनिटांनी टळली याबद्दल क्षमा मागून, आम्ही आपली रजा घेतो.